डिक्कीतला पुरावा

वकील मनवरबाई गेल्या तेव्हा आमच्या कोर्टाच्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, शोकसभा झाली आणि ठराव टाइप करायला मलाच बोलावणं आलं. "अजीजभाई, शब्द जरा वजनदार टाका," सेक्रेटरी म्हणाले. कोणते टाकू विचारलं, तर म्हणाले, "निर्भीड, लढाऊ, गोरगरिबांचा आधार. तुम्हाला काय सांगायचं!" खरंच, मला काय सांगायचं. अर्धं आयुष्य मी या कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली टाइप करण्यात घालवलं आहे, आधी खडखडणाऱ्या मशीनवर आणि आता कम्प्युटरवर. मेलेल्या माणसाबद्दल वकील काय बोलणार, ते मला त्यांच्याआधी पाठ असतं.

गाव कोणतं ते सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात जा, हीच माणसं भेटतील, फक्त पोटं कमीजास्त.

शोकसभेला नागपूरचे मोठे साहेबही आले होते. मोठे साहेब म्हणजे फवारणीचं औषध विकणाऱ्या कंपनीचे वकील. बाई शेवटची वर्षं ज्या दाव्यासाठी झिजल्या, त्याच दाव्यात ते समोर उभे होते. चांगला जाडजूड हार आणला होता. माइक हातात घेऊन म्हणाले, "आमच्यात मतभेद होते, मनभेद कधीच नव्हते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मनभेद नव्हते म्हणे! बाई जित्या असत्या तर तो हार त्यांच्याच गाडीच्या टपावर फेकला असता. मी ठराव टाइप करून दिला आणि घरी आलो. हे जे लिहितो आहे ते कुणी सांगितलेलं नाही. मला राहवत नाही म्हणून लिहितो आहे.

बाई ठेंगण्या, अंगानं जाड, चालताना कायम कुणाच्या तरी मागे लागल्यासारख्या. काळा कोट उन्हानं विटून शेवाळी झाला होता. त्यांची शिक्षणं कुठं झाली, लग्न काहून केलं नाही, हे मला विचारू नका. त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. दीक्षा घेतलेल्या आजोबांची नात, एवढं त्या स्वतः सांगायच्या आणि तेही समोरच्यानं आडनावावरून तोंड वाकडं केलं तरच. जुनी स्कूटर होती. तिच्या डिक्कीत गळ्याचे पांढरे बँड, कायद्याचं फाटकं पुस्तक, भिजू नये म्हणून पिशवीत बांधलेले कागद, फुटाणे आणि कुत्री हाकलायला एक गोटा असा संसार असायचा.

बार रूममध्ये त्या बसत नसत. आतली प्लास्टिकची खुर्ची उचलून व्हरांड्यात आणायच्या आणि तिथंच पक्षकारांशी बोलायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, आत पंखा आहे, बाहेर कायले बसता?"

"आत वास येते."

"कायचा?"

"लाचारीचा," त्या म्हणाल्या, आणि हे बोलताना आवाज एवढा मोठा ठेवला की आतले दोघं-तिघं पेपर वाचायचे थांबले.

पक्षकारालाही सोडायच्या नाहीत. पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "खरं सांगाचं असन तर बस. खोटं सांगाचं असन तर दुसरा वकील पाय, लय आहेत." माणूस बसला की पाणी द्यायच्या आणि मग तासभर त्याची खरडपट्टी काढायच्या. तरी लोक त्यांच्याकडेच यायचे. फवारणीच्या डब्याला कुणी औषध म्हटलेलं त्यांना खपत नसे. आपल्याकडे सगळेच औषध म्हणतात, दुकानावरच्या पाटीवरही औषधच असतं. बाई बोट उगारायच्या. "औषध तुयी माय खोकल्यावर घेते थे. याले जहर म्हण."

मला मजकूर सांगताना येरझारा घालायच्या. "लिहा, निर्लज्ज प्रतिवादी कंपनी."

"बाई, 'निर्लज्ज' कोर्ट काढायला लावेल."

"लावू द्या न. काढाच्या आधी वाचतीन तर खरं."

मी अर्थात लिहीत नसे. त्या सही करताना बघायच्या, माझ्याकडे डोळे वटारायच्या आणि सही करायच्या.

एका दिवाळीत तालुक्यातला सगळ्यात मोठा कृषी केंद्रवाला काजूकतलीचा डबा घेऊन आला. त्याच्या दुकानाविरुद्ध बाईंनी नोटीस काढली होती. हात जोडून म्हणाला, "सणाचं आहे बाई, नाही म्हणू नका." बाईंनी डबा उघडला, त्याच्यासमोर धरला. "पहिले तू खाय."

"नाही नाही, तुमच्यासाठी..."

"खाय म्हणतो न. तू काय विकते थे मले माहीत आहे बाप्पा, तुयावर कायले भरोसा ठेवू?" व्हरांड्यातल्या सगळ्यांसमोर त्या गड्याला काजूकतली खावी लागली. मग बाईंनी डबा त्याच्याच बगलेत देऊन त्याला वाटेला लावलं. त्या दुकानदाराचा साधा चेकचा खटलासुद्धा पुढे बारमधले अर्धे वकील चालवायला धावले. मेहरबानी मिळवायची होती ना त्याची! त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसता यावं म्हणून माणसं काय काय करतात, ते मी शेडमधून रोज बघतो.

आता सुनंदाचं सांगतो.

कापसाची ती वाईट वर्षं. बोंडअळी पडली होती, पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि बॅटरीचा पंप पाठीवर घेतलेली माणसं त्या झाडोऱ्यात शिरून तोंड वर करून फवारत होती. मारलेलं सगळं त्यांच्याच तोंडावर परत पडायचं. महादेव कुमरे हा असाच मजुरीनं फवारणारा. दुसऱ्याच्या शेतातून सांजच्याला घरी आला तो ओकतच आला. दवाखान्यात नेला, काही दिवस काढले आणि गेला. सुनंदा त्याची बायको.

आपल्या भागात जहरानं माणूस मेला की लोकांच्या तोंडी एकच येतं: पेला, म्हणजे स्वतःहून प्याला. कुणी दुसरं विचारतच नाही. आणि त्या दिवशी सकाळी नवरा-बायकोचं भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. झालं! सासूनं तेराव्याच्या आतच सुनंदाला घराबाहेर काढलं. "तुनंच माया पोराले प्याले लावलं," म्हणाली, आणि अख्ख्या गावानं मान हलवली. सुनंदा भावाकडे दुसऱ्या गावात राहायला गेली. हातपंपावर बाया तिला पाहून घागर घेऊन बाजूला व्हायच्या.

ती बाईंकडे आली तेव्हा मी समोरच होतो. बाईंनी नेहमीसारखं सुनावलं, पाणी दिलं आणि विचारलं, "काय पाह्यजे तुले?"

"त्यायनं पेलं नाही, हे गावात सांगा लागते," सुनंदा म्हणाली. दुसरं काही मागितलं नाही.

"भांडण कायचं झालतं?"

"आदल्या दिशीपासून त्यायचे डोये जयून राह्यले होते. मी म्हटलं, आज जाऊ नका. थे आयकले नाही."

बाईंनी हातातले फुटाणे बाजूला ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अजीजभाई, कागद लावा." कंपनीवर दिवाणी दावा टाकला. दावा चालला की महादेव कशानं मेला हे कोर्टाला ठरवावंच लागणार होतं. शेतमालकाला त्यांनी पक्षकार केलं नाही. "थोबी त्याच दुकानातून आणते. उद्या थोबी मरन," म्हणाल्या.

कंपनीची कैफियत आली ती मीच बाईंना वाचून दाखवली. काय एकेक नमुना होता! मयत इसमानं आमचं उत्पादन वापरलंच नाही. वापरलं असेल तर त्यानं ते प्राशन केलं. प्राशन केलं नसेल तर त्यानं मास्क आणि चष्मा घातला नव्हता. बाई ऐकत होत्या आणि फुटाणे खात होत्या. "म्हणजे हे त्या गावचेच नाहीत, अन् असले तर थो वेडा होता, अन् वेडा नसला तर बावळट होता. वा रे वा! एवढ्यासाठी नागपूरहून माणूस आणला?"

मास्कचा प्रकार तर भर कोर्टात झाला. कंपनीचा एक अधिकारी साक्षीला आला. टाय बांधलेला, घामानं डबडबलेला. गावोगावी सुरक्षा शिबिरं घेऊन किट वाटल्याचे फोटो त्यानं दाखल केले. खरी गंमत गावकऱ्यांनी बाईंना आधीच सांगितली होती: फोटो काढून झाला की किट गोळा करून जीपमध्ये टाकायचे आणि पुढच्या गावात तेच पुन्हा वाटायचे. बाईंनी दुकानातून तसंच एक किट विकत आणलं होतं. उलटतपासणीला उभं राहताना त्यांनी कोटावरून तो प्लास्टिकचा डगला चढवला, चष्मा लावला, मास्क लावला आणि प्रश्न विचारायला लागल्या. आतून नुसतं घूं घूं ऐकू येत होतं. चष्म्यावर वाफ धरली, समोरचं टेबल दिसेना. मोठे साहेब हरकत घ्यायला उठले. जज्जसाहेब हसू दाबत म्हणाले, "मनवर मॅडम, काढा ते. काही ऐकू येत नाही."

बाईंनी मास्क खाली ओढला. तोंड लालबुंद झालं होतं. "साहेब, मी सावलीत उभी आहे. पंख्याखाली. पाठीवर पंप नाही, पायाखाली ढेकळं नाहीत." मग साक्षीदाराकडे वळल्या. "तुम्ही हे घालून किती वेळ फवारलं?"

"माझं काम विक्रीचं आहे."

"फवारलं का कधी?"

"नाही."

"बसा," बाई म्हणाल्या, जसं काही तो शाळेत गृहपाठ न करता आलेला पोरगा होता.

इथवर सगळं बाईंच्या बाजूनं होतं. आणि मग बाईंनी ती चूक केली.

आपल्याकडे फवारणाऱ्यांची एक रीत आहे. शेत मारून झालं की रिकामी बाटली तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काठीच्या, टोकाला उलटी अडकवायची आणि ती तुराटी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गुरांच्या वाटेच्या बाजूला रोवायची. म्हणजे बकऱ्या-गुरं चारणाऱ्याला दुरूनच कळतं, इथं जहर पडलं आहे, इकडे वळवू नका. महादेवनं मारलेल्या शेताच्या धुऱ्यावर तशी बाटली अजून उभी आहे, असं सुनंदाच्या भावानं येऊन सांगितलं. त्या बाटलीवर कंपनीचं नाव होतं, बॅचचा नंबर होता. आमचं उत्पादन नव्हतंच, या थापेचा तिथंच निकाल लागला असता.

आता अशा वेळी काय करायचं ते मी टायपिस्ट असून मला माहीत आहे. कोर्टाला अर्ज द्यायचा, कमिशनर नेमून घ्यायचा, पंचांसमोर जप्ती करायची. बाईंनी तो अर्ज मला सांगितलाही. पण त्याच आठवड्यात कंपनीनं त्या भागात स्वच्छता मोहीम काढली. रिकामी बाटली द्या, टोपी घ्या! लाल टोप्या, त्यावर कंपनीचा छाप. काय माया आली होती एकदम मातीची! पोरंटोरं धुरे धुंडाळून बाटल्या उपसत होती. बाईंच्या कानावर हे गेलं आणि त्या स्कूटर काढून तडक निघाल्या. एकट्याच. धुऱ्यावर पोचल्या तेव्हा लाल टोपीवाले दोन शेतं अलीकडे आले होते. बाईंनी तुराटीवरची बाटली काढली, डिक्कीत टाकली आणि परत आल्या.

माझ्यासमोर डिक्की उघडून दाखवली तेव्हा मी कपाळाला हात लावला. "बाई, पंच कुठे आहेत?"

"पंच पाहात बसलो असतो तर बाटली टोपी झाली असती!"

मोठे साहेब कोर्टात काय हसले म्हणता! "माय लॉर्ड, हा पुरावा शेतातून आलेला नाही, विद्वान वकीलबाईंच्या डिक्कीतून आलेला आहे." सगळा बार हसला. आमच्याच गावचे, बाईंनी ज्यांच्या पहिल्या केसेस फुकट तपासून दिल्या ते वकीलसुद्धा हसले. मग साहेबांनी अगदी गोड आवाजात मार्गही सुचवला. बाटली आपण धुऱ्यावरून काढली, हे सिद्ध करायचं असेल तर बाईंनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यावं आणि शपथेवर सांगावं. मात्र मग त्यांना या दाव्यात वकील राहता येणार नाही, वकीलपत्र सोडावं लागेल.

बाई साक्षीदार झाल्या तर कंपनी अडकण्याची शक्यता होती. पण मग सुनंदाचा दावा कोण चालवणार? बाईंनी बारमध्ये शब्द टाकून पाहिला. एकाचा मेहुणा कंपनीचा डीलर, दुसऱ्याची तब्येत नाजूक, तिसऱ्याला तारखा जमत नव्हत्या. छातीठोकपणे नाही म्हणायचीसुद्धा हिंमत नव्हती एकात. आणि वकील नसला की दावा बुडणार, महादेव पेला हेच कायमचं राहणार.

बाई माझ्या शेडमध्ये येऊन बसल्या. मी चहा मागवला, तो निवला. शेवटी म्हणाल्या, "कंपनी जाऊ द्या अजीजभाई. पोरीचं नाव पहिले."

"अन् बाटली?"

"राहू द्या डिक्कीत."

एवढं म्हणून त्या उठून गेल्या. मला त्या नागपूरच्या गाडीची, त्या गोड आवाजाची आणि बार रूममधल्या हसण्याची एवढी चीड आली की दिवसभर माझी बोटं चुकत राहिली.

बाटली नव्हती, पण ती पाहणारं माणूस होतं. तांड्यावरची सोनकीबाई राठोड, बकऱ्या चारणारी म्हातारी. बाईंनी तिला साक्षीला आणलं. पिंजऱ्यात ती काठीसकट चढली.

"त्या दिवशी सांजच्याला काय पाहिलं?"

"बकऱ्या घेऊन येऊन राह्यलो होतो. महादेव धुऱ्यावर होता. तुराटी रोवत होता, तिले बाटली लावेल होती."

"कसा होता तो?"

"उभं राह्यता येत नव्हतं त्याले. ओकून राह्यला होता. एका हातानं पोट धरलं अन् दुसऱ्या हातानं तुराटी खुपसे. मले हात केला. तिकून जाय मावशी, म्हणे, इकडं नको आणू."

मागच्या बाकावर सुनंदा बसली होती, तिनं पदर तोंडात कोंबला.

मोठे साहेब उठले. "बाटलीवरचं नाव तुम्ही वाचलं का?"

"मले वाचता येत नाही."

"म्हणजे ती कोणत्या कंपनीची होती, तुम्हाला सांगता येणार नाही."

"नाही," सोनकीबाई म्हणाली. "पण माया बकऱ्या जित्या आहेत."

युक्तिवादाला बाई फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की जीव द्यायला निघालेला माणूस दुसऱ्याच्या बकऱ्यांसाठी तुराटी रोवत बसत नाही. ती रीत पाळून तो घरी आला, बायकोकडे आला.

निकाल आला. महादेव कुमरे याचा मृत्यू फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं झाला, त्यानं विष प्राशन केलेलं नाही. हे सिद्ध. ते विष प्रतिवादी कंपनीचं होतं, हे सिद्ध झालेलं नाही. सबब कंपनीविरुद्धचा दावा रद्द. मोठे साहेब बाईंचं अभिनंदन करायला हात पुढे करून आले. बाईंनी त्या हातात फुटाणे ठेवले.

निकालाची प्रत घेऊन आम्ही महादेवच्या गावी गेलो, सुनंदा, बाई आणि मी. "वाचाले तुम्ही पाह्यजे, माया आवाज चढते," बाई मला म्हणाल्या. पारापाशी माणसं जमली, बाया दारात उभ्या राहिल्या. मी तो भाग दोनदा वाचला. कोर्टाची भाषा अर्ध्यांना कळली नाही. मग बाईंनीच सांगितलं. "पेला नाही थो. कोर्टानं लिहून देल्लं. आता ज्यानं ज्यानं या पोरीले नावं ठेवली त्यानं समोर येऊन सांगा, काय पाहून ठेवली?" कुणी पुढे आलं नाही. गाव असं चूप की जणू त्या वर्षी तिथं कुणी राहतच नव्हतं.

सासू घरातून हळूहळू आली. सुनंदापुढे उभी राहिली. "माया पोरानं पेलं नाही," म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडता तिनं सुनंदाचा हात धरला. "चाल घरी."

सुनंदानं हात सोडवून घेतला. "नाही येत. तुमच्या तोंडून आयकाचं होतं, आयकलं."

बाईंनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली की ती पोरगी पुढे झुकली. तेवढ्यात पारावरच्या कुणीतरी विचारलं, "अन् कंपनीचं काय झालं बाई?" बाईंनी निकालाची प्रत माझ्या हातातून घेतली आणि चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शेड उघडायच्या आत त्या येऊन बसल्या होत्या. "लिहा. अपील करू. पोरीचं नाव तर आलं कागदावर, आता मले वकील राहाची गरज नाही. आता मी पिंजऱ्यात जातो." अपिलात जादा पुरावा द्यायची परवानगी मागता येते. बाईंनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र सांगितलं: कोणत्या धुऱ्यावर गेले, बाटली कशी काढली, त्यावर काय लिहिलेलं होतं. एकही शिवी त्यात नव्हती. शेवटी अपीलकर्तीतर्फे वकील म्हणून नाव टाकायची जागा आली.

"इथं कोण?" मी विचारलं.

"ठेवा कोरं. पाह्यतो."

त्या बार रूममध्ये शिरल्या. मी शेडमधून बघत होतो. एकेका टेबलापाशी गेल्या. प्रत्येक जण उभा राहिला, खुर्ची पुढे केली, बाई बसा म्हणाला. आणि प्रत्येकाची मान हलली. सगळ्या मर्यादा पाळून, हात जोडून. बाई बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदाच मला त्या थकलेल्या दिसल्या. मग आजूबाजूच्या कोर्टांतून विचारून झालं. अपिलाची मुदत संपत आली होती.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते आमच्या एसटी स्टँडवर. स्कूटर एवढ्या लांब जात नव्हती. उमरखेडच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर कागदांची पिशवी. उमरखेडला कुणी एक वकील आहे, तो कुणाला भीत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं; तोही नाही म्हणाला तर पुढचं गाव. मी म्हटलं, "बाई, तब्येत बरी दिसत नाही, उद्या जा." त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. त्याच आठवड्यात त्या गेल्या, झोपेत. पण हे त्या सकाळी मला कुठं माहीत होतं!

कंडक्टर तिकीट फाडत त्यांच्यापाशी आला.

"उमरखेड द्या," बाई म्हणाल्या. मग पिशवी नीट धरत त्यांनी विचारलं, "अन् तिथून पुढं नांदेडची गाडी कवा आहे हो?"